पॅसिफिकला न पोचलेली गाडी

जॅक्सन, मिसिसिपी
६ जून १९८८

प्रिय मावशी,

नाताळनंतर माझं पत्र नाही, हे मलाही ठाऊक आहे आणि तुलाही, तेव्हा त्यावर एक अख्खं पान खर्च करू नकोस. तुझा फोन लागत नाही. ऑपरेटर म्हणते असा नंबरच नाही.

बातमी अशी की मला बढती मिळाली. मॅग्नोलिया अँड डेल्टा रेल्वेत मी आता मार्ग-नियोजन विभागाचा उपप्रमुख आहे. मोठ्या कंपन्यांना नकोसे झालेले छोटे छोटे मार्ग आम्ही विकत घेतले आणि त्यात आपला ओफिरचा मार्गही आला, हे तू ऐकलं असशीलच. आता कंपनी या सगळ्या मार्गांच्या इतिहासाचं एक रंगीत पुस्तक काढते आहे, ‘छोटे रूळ, मोठी मनं’. ओफिरचं पान माझ्याकडे आलंय. तू त्या रुळांच्या कडेला जन्मलीस, होबर्टकाकांनी चाळीस वर्षं तिथे इंजिन चालवलं. तुमच्यापेक्षा जास्त कोणाला माहिती असणार? दोन-तीन परिच्छेद पुरेत. गोड आठवणी हव्या आहेत. गोड, मावशी. आणि शक्यतो कोणाची बदनामी नको.

काका कसे आहेत?

तुझा,
प्रेंटिस


ओफिर
१४ जून १९८८

प्रिय प्रेंटिस,

फोन मी काढून टाकला. घंटी वाजली की तुझे काका गाडी आली म्हणून टोपी शोधायला लागायचे. एक्याण्णवाव्या वर्षी माणसाला दिवसातून चारदा फसवणं बरं नव्हे, आणि चारही वेळा पलीकडे विम्याचा एजंटच असायचा.

उपप्रमुख! अगं बाई! मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, प्रेंटिस काय करतो? मी म्हटलं, रेल्वेचे मार्ग आखतो. त्यांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, जॅक्सनला असतील, इथे तर गेल्या दोन वर्षांत एकही दिसला नाही.

आता तुझा गोड इतिहास घे. आपल्या मार्गाचं नाव ‘ओफिर, गल्फ अँड पॅसिफिक’. १९०६ साली कर्नल एसा पर्व्हिसने तो काढला. तो कुठल्या सैन्यात कर्नल होता, हे कुठल्याच सैन्याला माहीत नव्हतं. त्याने नकाशे छापले. त्यात आपल्या गावातून निघालेली लाल रेघ आधी आखाताला जात होती आणि तिथून वळून सरळ पॅसिफिक महासागराला. लोकांनी शेअर घेतले, माझ्या आजोबांनीसुद्धा. एकोणीस मैल रूळ पडले आणि पुढे टिबीची दलदल आली. कर्नलचे पैसे आणि कोरडी जमीन दोन्ही एकाच ठिकाणी संपलं. तेव्हा त्याने वर्तमानपत्रात जाहीर केलं की पॅसिफिक तूर्त पुढे ढकलला आहे. तो अजून ढकललेलाच आहे.

पण गाडी चालली. आधी पाइनची लाकडं नेली. जंगल संपवल्यावर लोकांना कळलं की जंगल संपलं. मग रंगाच्या तेलासाठी टंगच्या झाडांच्या बागा लावल्या. एकोणसत्तरच्या वादळाने एका रात्रीत त्या आडव्या केल्या. मग खारवलेल्या काकड्या आल्या. स्टेशनवर लाकडी पिंपांची रांग असायची आणि अख्ख्या गाडीला, गाडीतल्या माणसांना आणि त्यांच्या रविवारच्या कपड्यांना लोणच्याचा वास यायचा. मालाच्या डब्यांमागे उतारूंचा एकच डबा असे. त्याच्या मधोमध एक फळी ठोकली होती. फळीच्या अलीकडे गोरे, पलीकडे काळे. कोळशाची काजळी मात्र दोन्हीकडे सारखीच पडायची. इंजिनात कोळसा टाकायला एझेल फेअरली होता, अठरा वर्षं. तुझ्या काकांइतकंच त्याला इंजिन कळायचं, पण ड्रायव्हर करायची वेळ आली की कंपनीला आठवायचं, तो फळीच्या पलीकडचा आहे. हे छापशील ना? मोठी मनं आहेत म्हणून विचारते.

वेळापत्रक भिंतीवर होतं, शोभेला. गाडी मिसेस लॉटच्या ताकासाठी थांबायची, खारी मारायला थांबायची. आणि एका वर्षी ती रोज माझ्या वडलांच्या फाटकासमोर थांबायला लागली. नवा ड्रायव्हर खाली उतरायचा, चाकाला हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचा, ‘आस तापलाय, जरा थांबावं लागेल.’ मग व्हरांड्याकडे बघायचा. व्हरांड्यात मी. वडील म्हणाले, या माणसाचा आस जानेवारीतही तापतो, एक तर याला नोकरीवरून काढायला हवं नाही तर हिचं लग्न लावायला हवं. दुसरं स्वस्त पडलं.

ते काका आता त्याच व्हरांड्यात बसून कान लावतात. शेवटची मालाची वाघीण शहाऐंशीच्या सप्टेंबरात गेली. नंतर तुमची माणसं आली आणि हातानं ढकलायची ट्रॉलीसुद्धा घेऊन गेली, सुरक्षिततेसाठी म्हणे. पुढची गाडी तुझ्या विभागाने कधी आखली आहे, तेवढं कळव. ते रोज विचारतात आणि मला रोज नवीन थाप सुचत नाही.

तुझी मावशी,
व्हर्बिना


जॅक्सन
१ जुलै १९८८

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. संपादकांनी थोडी काटछाट केली आहे. आता ओफिरचं पान असं आहे: ‘दूरदृष्टीच्या कर्नल पर्व्हिस यांच्या स्वप्नातून साकारलेला हा मार्ग हिरव्यागार वनराईतून धावत अनेक पिढ्यांच्या जीवनात आनंद घेऊन आला.’ फळी, लोणचं आणि एझेल जागेअभावी वगळले. आस ठेवायचा प्रयत्न केला, पण देखभाल विभागाने हरकत घेतली.

गाडीचं म्हणशील तर काकांना काहीतरी सांगून वेळ मारून ने. खरं ते तुला सांगतो. एखाद्या मार्गावर दोन वर्षं एकही वाघीण गेली नाही, तर सरकारी नियमाप्रमाणे तो मार्ग बंद करायला सुनावणी लागत नाही, नुसती नोटीस पुरते. ओफिरची दोन वर्षं सप्टेंबरअखेर भरतात. ऑक्टोबरात रूळ उचलतील. भंगाराला सध्या भाव चांगला आहे. खरं तर कागद मीच तयार केले, म्हणून तर बढती. वाईट वाटून घेऊ नकोस, सगळीकडे हेच चाललंय. काकांसाठी मी रुळाचा एक तुकडा कापून, अक्रोडाच्या लाकडावर बसवून, त्यावर पितळी पाटी लावून घेणार आहे.

तुझा,
प्रेंटिस


ओफिर
७ जुलै १९८८

प्रेंटिस,

पितळी पाटी! किती मोठं मन रे.

तू विसरलास, की विसरल्याचं दाखवतो आहेस? एकोणिसाव्या मैलावर, रूळ संपतात तिथे दलदलीत एक उंचवटा आहे. त्याला आपण बेट म्हणतो. तिथे आपल्या गावाचे मेलेले आहेत, गोरे कुंपणाच्या एका बाजूला, फेअरलींसारखे काळे दुसऱ्या. तिथे रस्ता जात नाही. होडी जात नाही, पाण्यात सगळे बुंधे आहेत. फक्त रूळ जातात. ऐंशी वर्षं ओफिरमधलं प्रत्येक माणूस शवपेटीत झोपून, मालगाडीवर बसून तिथे गेलं. ड्रायव्हर टोपी काढून एक लांब शिट्टी द्यायचा. दर मे महिन्यात आपण सगळे डबे भरून कबरी साफ करायला जायचो. तूही यायचास आणि दोन्ही बाजूंचं फ्राइड चिकन खायचास.

तिथे आमची लेक लोरीन आहे. सात वर्षांची होती. त्या दिवशी गाडी तुझ्या काकांनीच चालवली. दुसरा ड्रायव्हर यायला तयार होता, पण यांनी त्याला हात लावू दिला नाही.

यांना दुसरं काही नको आहे, प्रेंटिस. लोरीनच्या शेजारी जागा हवी आहे, बस. शवपेटी स्वतः केली आहे, सायप्रसच्या फळ्यांची. गोठ्यात पडून आहे आणि मी त्यात अंगणातल्या झाडाचे पेकान ठेवते, कारण उंदीर लागत नाहीत. तुम्ही रूळ उचललेत तर यांना शहरातल्या स्मशानात पुरावं लागेल, टायरच्या दुकानामागे. गेल्या दोन वर्षांत इथून जे दोघे गेले, ते तिथेच आहेत. चौऱ्याऐंशी वर्षं एकाच गावात काढलेली मिसेस लॉट आता ‘चार टायर घ्या, एक फुकट’ या पाटीखाली पहुडली आहे.

सरळ विचारते. तुला हे थांबवता येईल का? येत नसेल तर तसं लिही. मी तोवर स्वस्थ बसलेली नाही. बेटावरच्या कबरींसाठी एक वाघीण खडी मागवली आहे. दोन्ही चर्चनी मिळून. बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट एका कागदावर सही करतील असं मला जन्मात वाटलं नव्हतं. तुझ्या कंपनीने भाडं घेतलं आणि पावती दिली. म्हणजे सप्टेंबरच्या आत एक वाघीण जाणार. मग तुमची दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजा.

व्हर्बिनामावशी


जॅक्सन
२६ जुलै १९८८

प्रिय मावशी,

तुमच्या मागणीची नोंद झाली आहे. खडीची वाघीण डोव्हर जंक्शनला पोचली असून तिथल्या इंजिनाची दुरुस्ती चालू असल्यामुळे पुढे पाठवण्यास विलंब होत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे.

बेटावरची कोणतीही कबर हलवायची असल्यास कंपनी खर्चाचा सहानुभूतीने विचार करील. लोरीनला शहरात आणता येईल, मावशी. टायरच्या दुकानापासून लांबची जागा मी स्वतः बघीन.

प्रेंटिस


ओफिर
२ ऑगस्ट १९८८

प्रिय कंपनी,

आपले कृपापत्र पावले. आपण मला ‘तुमच्या मागणीची’ असे संबोधल्याने ऊर भरून आला. आपण सहा वर्षांचे असताना आपली आई वारली, तेव्हापासून आपली चड्डी मी धूत होते, हे आपल्या नोंदीत नसावे.

इंजिनाच्या दुरुस्तीबद्दल. डोव्हर जंक्शनला रुळांसमोर जेवणाचं दुकान आहे आणि ते एझेलची मुलगी मेव्हिस चालवते. ती म्हणते इंजिन ठणठणीत आहे. सकाळी उठतं, जंक्शनमध्ये इकडून तिकडे जातं आणि दुकानासमोर उभं राहतं. ड्रायव्हर रोज दोन तुकडे पीच पाय खातो. पहिल्यावर आइस्क्रीम घेतो, दुसऱ्यावर नाही, कारण वजन सांभाळतो. मेव्हिसने विचारलं, दुरुस्ती कसली चालली आहे? तो म्हणाला, माझी. खडीच्या वाघिणीवर आता गवत उगवलंय. आणखी एक पाऊस पडला तर तिथे गाय बांधता येईल.

आणि लोरीनला हलवायचं म्हणतोस? यांना मी ते वाचून दाखवलं नाही. तुझ्यावर यांचा जीव आहे, तो राहू दे. तू आठ वर्षांचा असताना यांनी तुला मांडीवर घेऊन इंजिनाचा दांडा हातात दिला होता. तू शिट्टी वाजवली आणि मिसेस लॉटचं दूध सांडलं. तो मुलगा कुठे असतो, ते तुझ्या कंपनीत कोणाला माहीत असेल तर कळवा.

मावशी


जॅक्सन
२४ ऑगस्ट १९८८

मावशी,

हे पत्र घरून लिहितो आहे, कंपनीच्या कागदावर नाही.

ती वाघीण थांबवायची तोंडी सूचना वरून आली. ती खाली पोचवली मी. ऑक्टोबरात आमच्या विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होते आहे आणि ओफिर ही माझी परीक्षा आहे, असं मला स्पष्ट सांगितलं गेलंय. मी नाही केलं तर दुसरा करील आणि तो तुला उत्तरंही देणार नाही. मला शरम वाटते. एवढंच लिहिता येतं. कृपा करून मला याहून जास्त विचारू नकोस.

प्रेंटिस


ओफिर
१२ सप्टेंबर १९८८

प्रिय प्रेंटिस,

तुझी शरम पोचली. दुसऱ्या चार वस्तूंपेक्षा ती लवकर पोचली, त्याबद्दल टपालखात्याचे आभार.

तुला वेळ नसेल, म्हणून थोडक्यात लिहिते. शवपेटीतले पेकान मी काढून पोत्यात भरले. पेटी पुसून, आतून चादर लावून व्हरांड्यात आणून ठेवली आहे. काकांचा काळा सूट इस्त्री केला. बायका कालपासून जेवण घेऊन येताहेत: चार हॅम, सहा तऱ्हांचं बटाट्याचं सॅलड आणि कर्नलच्या नातसुनेची, मिसेस पर्व्हिसची, ती हिरवी जेली, जी कोणी खात नाही आणि कोणी परतही करत नाही. मेव्हिस गाणाऱ्यांना घेऊन येणार आहे. दोन्ही पाद्री येणार आहेत.

फक्त गाडी नाही. शनिवारी, सतरा तारखेला बेटावर जायचं आहे. पाठवशील का? पेटी ठेवायला काहीही चालेल. काका फार नखरेल कधीच नव्हते.

तुझी,
व्हर्बिनामावशी


जॅक्सन
१४ सप्टेंबर १९८८

माझी मावशी,

काय लिहू? पत्र उघडलं आणि ऑफिसातच रडायला लागलो. साहेबांनी दार लावून विचारलं. मी तुझं पत्र दाखवलं. ते स्वतः इथल्याच, मेरिडियन गावचे आहेत. वाचून म्हणाले, मिसिसिपीत प्रेतयात्रा जाताना अनोळखी माणूससुद्धा गाडी कडेला घेऊन उतरतो, आपण ती अडवली तर माझी आई मला घरात घेणार नाही. पाठव इंजिन.

शनिवारी सकाळी नऊला इंजिन डोव्हरहून निघेल. पेटी ठेवायला सपाट डबा मागितला तर मिळायला आठवडा लागला असता. म्हणून हुकमात मी लिहिलं आहे की जंक्शनवर उभी असलेली वाघीणच जोडून न्यावी. तिच्यात खडी आहे, पण काठोकाठ नाही, वर फळ्या टाकून पेटी नीट बसेल. साहेबांनी न वाचता सही केली, डोळे पुसत होते.

मला येता येणार नाही. शनिवारी खुर्चीबद्दलची मुलाखत आहे. माफ कर असं म्हणायचीही लाज वाटते. फुलं पाठवतो आहे. काकांना सांग... म्हणजे, तिथे सांग, की शिट्टी मी विसरलेलो नाही.

प्रेंटिस


ओफिर
२० सप्टेंबर १९८८

प्रिय प्रेंटिस,

फुलं पोचली. काका म्हणाले, लिली कशाला पाठवली, मेल्यावर तरी गुलाब पाठव म्हणावं.

आता खुर्ची घट्ट धर, मिळाली असली तर. ते गेले असं मी कुठे लिहिलं? पत्र काढ आणि पुन्हा वाच. पेटी पुसली, खरं. सूट इस्त्री केला, खरं. हॅम आले, खरं. ‘कोण गेलं?’ एवढा साधा प्रश्न तू विचारला नाहीस, तुझ्या साहेबाने विचारला नाही, अख्ख्या कंपनीने विचारला नाही. आपल्याकडे मयताच्या घरी नेतात ते हॅम दिसलं की माणसं टोपी काढतात, डोकं मात्र त्या टोपीबरोबरच बाहेर ठेवतात. मी दोन्ही पाद्र्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. बाप्टिस्ट म्हणाला, हे पाप आहे. मेथडिस्ट म्हणाला, पाप आहे, पण मी येतो.

गाडी तीन तास उशिरा आली. तुझ्या काकांना फार बरं वाटलं. वेळेवर आली असती तर त्यांनी ओळखलीच नसती. तो पायवाला ड्रायव्हर गंभीर चेहरा करून खाली उतरला, हॅट छातीशी धरली आणि बघतो तर प्रेत फाटकात उभं, काळा सूट, डोक्यावर रेल्वेची टोपी. म्हणालं, ‘बाजूला हो, मुला. इंजिन मला दे.’ पोरगा इतका पांढरा पडला की मेव्हिसने त्याला साखरेचं पाणी दिलं. नंतर त्याने बिचाऱ्याने दांडा सोडला आणि काकांनी गाडी चालवली. अगदी हळू. दोन ठिकाणी उतरून फांद्या तोडाव्या लागल्या, एका ठिकाणी बीव्हरने रुळांखाली धरण बांधलं होतं. या मार्गावर तुमच्या कंपनीपेक्षा त्याने जास्त काम केलंय. शवपेटी खडीवर व्यवस्थित बसली. आत हॅम होतं. बर्फ घातला की चांगलं राहतं.

बेटावर दोन वर्षांचं रान माजलं होतं. लोरीनचा दगड सापडायला वेळ लागला. काका खाली बसले आणि हातानेच गवत उपटायला लागले. आम्ही खुरपं दिलं, घेतलं नाही. म्हणाले, उशीर झाला गं, पण आलो. मला रडू आलं. तू विचारणार नाहीस, म्हणून सांगून टाकते. मग मेव्हिसने गाणं धरलं आणि खडी सगळ्यांनी मिळून पसरली, कुंपणाच्या दोन्ही बाजूंना. परत येताना काकांनी लांब शिट्टी दिली. तुला ती जॅक्सनला ऐकू आली नसेल, तिथे मुलाखत चालली होती.

म्हणजे सतरा सप्टेंबरला भाडं भरलेली एक वाघीण गेली. जंक्शनवर नोंद झाली. दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

एक विचारू? ती वाघीण खडीची आहे, हे तुला ठाऊक होतं. हुकमात ती तूच लिहिलीस. मी तुला वाढवलंय. तू इतका मूर्ख नाहीस.

मावशी


जॅक्सन
७ ऑक्टोबर १९८८

मावशी,

शनिवारी दुपारी अख्ख्या मजल्याने काकांसाठी एक मिनिट उभं राहून मौन पाळलं, हे तुला सांगायचं आहे. साहेबांनी चर्चला देणगी दिली. मी मुलाखतीत काकांचं नाव घेऊन असा काही गहिवरलो की समितीतल्या बाईंनी मला रुमाल दिला. खुर्ची जवळजवळ माझीच होती.

आणि मग तुमच्या साप्ताहिकाचा अंक आला. पहिल्या पानावर फोटो: इंजिनाच्या खिडकीत कोपर टेकवून काका, दात काढून हसताहेत. खाली छापलंय, ‘स्वतःच्या अंत्ययात्रेची गाडी चालवताना होबर्ट टॅडलॉक’.

साहेबांनी मला बोलावलं. तो फोटो टेबलावर होता. त्यांना मला काढून टाकता येत नव्हतं, कारण मग जिवंत माणसाला आम्ही प्रेतयात्रेची गाडी पाठवली, हे त्यांना सगळ्या राज्याला समजावून सांगावं लागलं असतं. शेवटी म्हणाले, तुला तो मार्ग इतका आवडतो ना, मग घे. आजपासून मी ओफिर मार्गाचा व्यवस्थापक आहे. ऑफिस डोव्हर जंक्शनला, पाण्याच्या टाकीखाली. हाताखाली एक इंजिन, तेही अर्धा दिवस, आणि एक ड्रायव्हर, जो भूत बघितल्यापासून पायचे तीन तुकडे खातो. पगार अर्धा.

तुझ्यावर मी भयंकर चिडलो आहे. हे तू काकांनाही वाचून दाखव. यापुढे तुझ्या पत्रातल्या एका शब्दावरही माझा विश्वास नाही.

वाघिणीबद्दल विचारलंस, त्याचं उत्तर देणार नाही. पगार अर्धा असला तरी त्यांचाच आहे.

प्रेंटिस


ओफिर
४ डिसेंबर १९८८

प्रिय व्यवस्थापकसाहेब,

थँक्सगिव्हिंगला आलात, राहिलात, हिरवी जेली घरी घेऊन गेलात, त्याबद्दल मिसेस पर्व्हिस आपली ऋणी आहे. तीस वर्षांत असा माणूस तिने पाहिला नव्हता.

मेव्हिस सांगते की आपण स्वतः कुऱ्हाड घेऊन फांद्या तोडता आणि बीव्हरशी बोलता. बीव्हर ऐकतो का? ऐकत असेल तर त्याला तुमच्या पुढल्या पुस्तकात घ्या, कर्नलच्या शेजारी. पेकान पुन्हा पेटीत ठेवले आहेत. काका म्हणतात, काढू नकोस, मला घाई नाही, पण प्रेंटिस आता गाडी चांगली चालवतो. खोकला आहे. जेवण कमी झालंय. व्हरांड्यात बसायचं मात्र सोडत नाहीत, कारण आता मंगळवारी आणि शुक्रवारी खरंच गाडी येते, आणि त्यांना ती उशिरा आली म्हणून तक्रार करायची असते. परवाची साडेचार तास उशिरा होती. काका म्हणाले, शाब्बास.

व्हर्बिनामावशी


ओफिर
११ फेब्रुवारी १९८९

प्रिय प्रेंटिस,

काका पहाटे गेले. झोपेत गेले. त्रास झाला नाही.

हे पत्र मेव्हिसच्या हाती देते आहे. आम्हाला गाडी हवी आहे.

मावशी


डोव्हर जंक्शन
११ फेब्रुवारी, दुपार

मावशी,

मेव्हिस दारात उभी आहे, तिच्याच हाती हे परत पाठवतो.

तुझ्या एका शब्दावरही विश्वास नाही, असं मी लिहिलं होतं. तुझं पत्र हातात घेतलं तेव्हा तेच मनात होतं. दोनदा वाचलं. टोमणा शोधला. एकही सापडला नाही. मग खाली बसलो.

उद्या सकाळी निघतो. ड्रायव्हर म्हणाला, मी चालवतो. मी त्याला हात लावू देणार नाही. जॅक्सनला विचारलेलं नाही, सोमवारी सांगीन. गुलाब कुठे मिळाले तर आणतो. बेटावर टोपी काढून शिट्टी मी देईन, लांब. ती कशी द्यायची ते मला ठाऊक आहे.

तू चालत स्टेशनवर येऊ नकोस, थंडी आहे. व्हरांड्यात थांब. गाडी तुझ्या फाटकासमोर थांबवीन. कोणी विचारलं तर सांगीन, आस तापलाय.

तुझा,
प्रेंटिस